चार नालांचा दाखला

मला लिहिण्याची सवय नाही. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत टाइप केलं, पण ते सगळं दुसऱ्यांचं होतं. माझी त्यात फक्त कोपऱ्यातली दोन अक्षरं असायची. त्यामुळे हे नीट उतरेल की नाही, सांगता येत नाही. तरी रऊफ नालबंदाबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं. तो वारला तेव्हा मातीला आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "सरकारी दाखला भेटलेला कारागीर होता," आणि बाकीच्यांनी मोठ्या आदरानं माना हलवल्या. त्या दाखल्याची मला चांगली माहिती आहे. तो मीच टाइप केला होता. इतका निरुपयोगी कागद माझ्या उभ्या नोकरीत माझ्या हातून दुसरा निघाला नाही, आणि माझ्या हातून निघालेल्या कागदांत त्या बाबतीत स्पर्धा मोठी होती.

रऊफ अनसिंगचा, मीही अनसिंगचा. तो बैलांना नाल मारायचा. बैलाला दोरानं अलगद आडवं पाडायचं, चारी पाय बांधायचे, खूर तासायचं आणि त्यावर लोखंडाची पातळ पट्टी खिळ्यांनी ठोकायची, एवढं काम. एवढं म्हणतो, पण खिळा केसभर आत गेला तर बैल महिनाभर लंगडतो, आणि बाहेर राहिला तर नाल वाशीमच्या निम्म्या वाटेत पडतो. रऊफचा खिळा कधी आत गेला नाही. त्याच्याकडे साठ जोड्या बांधलेल्या होत्या, म्हणजे साठ घरांचे बैल दुसऱ्या कोणाच्या हाताखाली जात नसत.

आठवडी बाजारात, गुरं उभी राहायची त्या अंगाला, एका निंबाखाली त्याची जागा होती. जागेचा कागद नव्हता, खुंटा होता. आमच्या बाजारात नालबंदांचा रिवाज असा की, ज्याच्या खुंट्यावर त्या दिवशी ताजा घाव पडला, जागा त्याची. ओळीनं तीन बाजार खुंटा ठोकला गेला नाही, तर येणाऱ्यानं तो उपटावा आणि आपला रोवावा. यावर कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. रऊफच्या बापानं हा रिवाज पाळला, आणि रऊफ स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी खुंटा ठोकून आला होता, असं त्याची बायको सरवरी सगळ्यांना सांगायची. कौतुकानं सांगायची की रागानं, ते मला कधी कळलं नाही.

चौऱ्याहत्तर साली लोखंड मिळेनासं झालं. तोवर रऊफ बैलगाड्यांच्या झिजलेल्या धावा, म्हणजे चाकावरचे लोखंडी पाट, विकत घेऊन त्यांचे नाल करायचा. त्या वर्षी लोकांनी धावा बदलणंच सोडलं. जुनं लोखंड सोन्यासारखं जपून ठेवू लागले. सरकारी भावाचं लोखंड होतं, पण ते कोट्यानं, आणि कोटा कारखानदाराला. निंबाखाली बसणारा माणूस कारखानदार नव्हे, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं.

त्याच वर्षी आमच्या कचेरीनं वाशीमला लघुउद्योजकांचा प्रशिक्षण वर्ग काढला. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. सहा आठवडे रोज हजेरी, शेवटी परीक्षा आणि मग उद्योजकतेचं प्रमाणपत्र. उद्योजकता हा शब्द आमच्याकडे नवा होता. बाजारात त्याला सरळ 'उद्योगाचा दाखला' म्हणू लागले. दाखला असला की कोट्याचा अर्ज करता येणार होता. मी त्या वर्गाचा कारकून. अनसिंगहून रोज एसटीनं जायचो-यायचो. ही बातमी रऊफच्या घरी मीच नेली. चांगलं करतो आहे असं वाटलं होतं.

अंगणात सरवरी लोखंडी तारेचे खिळे तोडत बसली होती. रऊफ ऐरणीपाशी.

"किती दिवस?" सरवरीनं विचारलं.

"सहा हप्ते, भाबी."

"म्हंजे सहा बाजार. आन् कधी?"

"दसऱ्यानंतर."

"वा! कापसाच्या गाड्या सुरू व्हाच्या टायमाले! बैल रांगीत उभे राह्यतीन, आन् आमचे मिया इस्कुलात बसतीन. पाटी-पेन्सिल घेऊन ठेवू काय?"

"लोखंड नाई भेटलं त काय तुह्या चुड्याचे नाल मारू?" रऊफ म्हणाला.

"चुडा काचेचा आहे. अन् तोबी तुमी आणला नाई, माह्या बापानं आणला."

रऊफ हसला नाही. तो हिशेबी माणूस होता, पण आमच्यासारखा कागदावर नव्हे. त्यानं ढिगातून सहा झिजलेले नाल उचलले आणि ऐरणीच्या एका कडेला ओळीनं मांडले.

"हे सहा बाजार," तो म्हणाला. "एका बाजारात धा-बारा बैल. सहा बाजार गेलो नाई, त लोक काय बैल घरी बांधून माह्यी वाट पाह्यतीन? रिसोडचा गुलाम नबी नालबंद टपूनच आहे. आता सांग शेषराव, दुसऱ्या बाजूनं काय ठेवू?"

मी खिशातला अर्जाचा कागद काढून ऐरणीच्या दुसऱ्या कडेला ठेवला. वारा नव्हता, तरी तो हलला.

"कागद हलका असते गड्या," रऊफ म्हणाला.

"वजन नका पाहू, किंमत पाहा," मी म्हणालो. हे वाक्य आमच्या कचेरीच्या साहेबांचं होतं. माझं वाटावं म्हणून मी थोडं थांबून म्हणालो. इतक्या वर्षांनी आठवलं तरी तोंडाला वाईट चव येते.

सरवरी उठली, तिनं कागदावर एक नाल ठेवला. "उडून जाईन न," म्हणाली. मग रऊफकडे न पाहता म्हणाली, "जा. खुंटा मी ठोकीन. जागा त राह्यन."

असं ते ठरलं. जागा सरवरी सांभाळणार, गिऱ्हाइकं अल्लाच्या भरवशावर, आणि सहा आठवड्यांनी लोखंड.

वर्ग धर्मशाळेच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवायला कचेरीचे हेच साहेब, ते मोठ्या शहरातून बदलून आले होते. त्यांनी आयुष्यात एकही वस्तू बनवलेली नव्हती, आणि ती कशी बनवावी हे ते तीन-तीन तास न थांबता सांगू शकत. पुढे बसणारी बावीस पोरं, बहुतेक बी.ए., बी.कॉम. सगळ्यांत हुशार मारोतराव पाटलांचा इंद्रभान. त्याला साबणाचा कारखाना काढायचा होता. तो वर्ग संपेपर्यंत साबणाचं नाव काय ठेवावं यावरच होता. पुढं तीन वर्षं तो दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून नोकऱ्यांच्या मुलाखतींना गेला. रऊफ सातवी पास, चाळिशी ओलांडलेला, हाताला लोखंडाचा वास. तो शेवटच्या बाकावर बसायचा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हॉलच्या मध्यभागी एक लाकडी खुंटी उभी केली आणि सगळ्यांच्या हातात दोरीची कडी दिली. हवं तितक्या अंतरावरून कडी खुंटीत फेकायची. कोण किती अंतरावर उभा राहतो त्यावरून त्याची महत्त्वाकांक्षा मोजायची. पोरं लांबून फेकू लागली. कड्या भिंतीवर, साहेबांच्या टेबलावर, एक माझ्या टाइपरायटरवर पडली. रऊफची पाळी आली. तो खुंटीपाशी गेला, वाकला, कडी हातानं खुंटीत घातली आणि जागेवर येऊन बसला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"खुंट्यात कडी घालाची होती न, साहेब? घातली."

"फेकायची होती."

"हाताजवळ असल्यावर फेकाची कायले?"

पोरं खो-खो हसली. साहेबांनी वहीत लिहिलं: महत्त्वाकांक्षेचा अभाव. ते संध्याकाळी मी टाइप केलं.

खरा प्रकार चौथ्या आठवड्यात झाला. प्रत्येकाच्या धंद्याचा आराखडा फळ्यावर मांडायचा होता. रऊफनं सांगितलं की माझ्या साठ जोड्या, म्हणजे एकशेवीस बैल. साहेबांनी खडू घेतला. "एकशेवीस गुणिले चार. चारशे ऐंशी नाल."

"नाई साहेब," रऊफ उभा राहिला. "गुणिले आठ."

"बैलाला पाय किती?"

"चार."

"मग नाल किती?"

"आठ."

हॉल पुन्हा हसला. साहेबही हसले, मोठ्या मनानं. "काका, आपण गणितात भावनेला जागा देत नाही."

"साहेब, घोड्याचं खूर अखंड असते. त्याले एका पायाले एक. बैलाचं खूर मधून फाटलेलं असते. दोन फाका. दोन्ही फाकाले अल्लग अल्लग नाल लागते. एका पायाले दोन, चार पायाले आठ."

साहेबांनी टांग्याचा घोडा पाहिला होता. बैल पाहिला असेल तर जीपमधून. ते म्हणाले, "दोन भागांवर मिळून एक मोठा नाल मारा. खर्च वाचतो. यालाच नवा विचार म्हणतात." आणि फळ्यावरच्या चारशे ऐंशीखाली दोन रेघा ओढल्या.

दोन्ही फाकांवर मिळून एक पट्टी ठोकली तर बैलाला पाऊल टाकता येत नाही. चालताना त्या फाका उघडतात-मिटतात. हे समजायला शिक्षण लागत नाही. त्या हॉलमध्ये बावीस पोरं शेतकऱ्यांची होती. इंद्रभानच्या घरी चार जोड्या बांधलेल्या होत्या. एकानंही तोंड उघडलं नाही. साहेब हसत होते म्हणून तीही हसत होती. अशा पोरांच्या हाती धंदे द्यायला सरकार निघालं होतं.

मीही तिथंच होतो. मला आठ ठाऊक होते, इंद्रभानपेक्षा जास्त ठाऊक होते. माझ्या आजानं गावची मेलेली ढोरं ओढली होती. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आमच्या घरानं ते काम सोडलं, पण त्याआधी लहानपणी मी ती फाटलेली खुरं अगदी जवळून पाहिली होती. बोललो असतो तर साहेबांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? आणि बावीस माना वळून माझ्याकडे पाहू लागल्या असत्या. मी टाइपरायटरची फीत सरळ करत बसलो. ती सरळच होती. पोरांना मी वर नावं ठेवली, त्यात बाविसाचे तेवीस करून घ्यावेत.

बाजाराच्या दिवशी आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो तेव्हा बाजार उठत असायचा. रऊफ गाडीतून उतरून सरळ निंबाखाली जायचा. पहिल्या बाजारी सरवरी डोक्यावर पदर घेऊन खुंट्यापाशी बसलेली होती. पुढ्यात ऐरण, हातोडा, आणि एकही बैल नाही. बारा पावलांवर गुलाम नबीनं आपला खुंटा रोवला होता. त्याच्यासमोर शेवटचा बैल पडलेला, आणि तो होता आमच्या गावच्या उकंडरावचा. उकंडरावच्या तीन पिढ्यांचे बैल रऊफच्या घराण्यानं पाडलेले.

"भाबी लय इमानदार आहे रऊफभाई," गुलाम नबी खिळा तोंडात धरून म्हणाला. "सकाळी तीन घाव खुंट्यावर. मी म्हटलं, भाबी, तुमी खुंटा ठोका, मी नाल ठोकतो. काम वाटून घेतलं."

"काहून गा उकंडराव?" रऊफनं विचारलं.

उकंडराव खजील झाला, पण तो तोंडाचा तिखट. "काहून म्हंजे? उद्या गाडी कारंज्याले जाते. बैलाले काय सांगू, रऊफभाई शिकून राह्यले, तू सहा हप्ते हवेत चाल?"

रऊफ खाली वाकला. त्यानं ऐरण उचलली. वाटेत सरवरी म्हणाली, "आज तेरा बैल गेले तिकडं. मी मोजले. दुसरं काम काय होतं?"

दुसऱ्या बाजारी पंधरा गेले. खुंटा मात्र जागेवर होता. पाचव्या बाजारी तिनं मोजणं सोडून दिलं.

परीक्षेच्या दिवशी पेपर मीच वाटले. रऊफच्या धंद्यावरचा प्रश्न होता: एकशेवीस बैलांसाठी एकूण किती नाल लागतील? पेपर देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी शाईच्या दौतीकडे पाहिलं. त्यानं बराच वेळ लेखणी धरून ठेवली. मग लिहिलं.

गाडीत मी विचारलं, "काय लिहिलं?"

"चारशे ऐंशी."

मी तिकिटाची घडी घालत बसलो. तोच म्हणाला, "सहा बाजार देल्ले शेषराव. त्याईचे पैसे वापस भेटत नाई. आता खरं लिहून रिकाम्या हातानं घरी जाऊ? सरवरी काय म्हणन? अन् बैल थोडीच पेपर तपासून राह्यला."

पास झाला. एका पाहुण्याच्या हस्ते दाखले वाटले, हार घातले, केळी दिली. दाखल्यावर त्याचं नाव मी अगदी जपून टाइप केलं, एकही अक्षर खोडलं नाही. त्याबद्दल मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता. माणूस कशाकशाचा अभिमान धरू शकतो.

कोट्याचं लोखंड संक्रांतीनंतर आलं. निम्मा हंगाम तोवर संपला होता. लोखंड तोलून घेतल्यावर रऊफला कळलं की तेही निम्मंच आहे: त्याच्या पेपरातल्या आकड्यावरून तोललेलं, चारशे ऐंशी नालांचं. तो मला घेऊन साहेबांकडे गेला.

"साहेब, एवढ्यात साठच बैल होते. एकशेवीस लिहिले होते आपण."

साहेबांनी फाइल मागवली. ती मीच आणून दिली. त्यांनी त्याचा पेपर काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे अक्षर कोणाचं?"

"माह्यं."

"एकशेवीस बैलांना चारशे ऐंशी, असं कोणी लिहिलं?"

"मीनंच लिहिलं."

"मग आता तक्रार कोणाविरुद्ध करायची? तुमच्याविरुद्ध?"

रऊफ पेपराकडे पाहत राहिला. त्याच्या पेपराला पूर्ण गुण होते. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "सरवरी हसन."

सरवरी हसली नाही. ते जास्त वाईट होतं.

माघात साहेबांना वरून पत्र आलं की यशस्वी उद्योजकांचे फोटो पाठवा, पुस्तिका छापायची आहे. बावीस पोरांपैकी एकानंही काही सुरू केलेलं नव्हतं. धंदा करणारा एकटा रऊफ होता, आणि तो तर वर्गाच्या आधीपासूनच करत होता. पण ते पुस्तिकेत सांगायचं कारण नव्हतं. बाजाराच्या दिवशी साहेब, फोटोवाला आणि मी जीपमधून अनसिंगला पोचलो.

रऊफ खुंट्यापाशी बसला होता. पुढ्यात ऐरण, घडून झालेले चारच नाल आणि रिकामी जमीन. साठ जोड्यांतल्या पाच-सहा परतल्या होत्या, त्याही त्या दिवशी आल्या नव्हत्या. बारा पावलांवर गुलाम नबीपुढं रांग. मला साहेबांसमोर त्याची ती रिकामी जागा पाहवेना.

"उद्योग कुठे आहे?" साहेबांनी मला विचारलं.

गुलाम नबीनं ते ऐकलं. त्यानं रांगेकडे पाहिलं, मग उकंडरावला म्हणाला, "जा बे, तुह्या ढवळ्या तिकडं ने. आज रऊफभाई मारन."

"माह्या नंबर इथं लागला न!"

"फोटो निंगन बैलाचा. जा."

रऊफला हे दान आवडलं नाही, ते त्याच्या मानेवरून दिसत होतं. पण साहेब उभे होते. त्यानं उठून ढवळ्याच्या पाठीवर हात ठेवला, दोर टाकला आणि बैल असा खाली आला की धूळसुद्धा उडाली नाही. पाय बांधले. पहिलं खूर तासलं. बाहेरच्या फाकेवर नाल ठेवून पाच खिळे मारले. आतल्या फाकेला हात लावला नाही. दुसऱ्या पायाकडे वळला.

उकंडराव पुढं वाकला. "रऊफभाई, हे राह्यलं न."

"गप. सरकारी काम आहे."

उकंडरावला समजायला क्षणभर लागला. मग त्यानं गुलाम नबीकडे पाहिलं, गुलाम नबीनं रांगेकडे, आणि सगळा गुरांचा बाजार सरकत निंबाखाली आला. रऊफनं तिसऱ्या पायाला एक नाल मारला. चौथ्याला एक. हातोडा खाली ठेवला आणि हात पुसले.

"झालं?" साहेब म्हणाले.

"झालं साहेब. चार पाय, चार नाल. दाखल्यापरमाणं."

मी जीपला टेकून उभा होतो. साहेबांना आता दिसेल, असं मला वाटत होतं. प्रत्येक खुराचा अर्धा भाग लोखंडानं चमकत होता आणि अर्धा उघडा होता. एखाद्यानं अर्धीच मिशी काढावी तसं. दिसलं असतं तर उरलेला कोटाही गेला असता, हे रऊफलाही कळत होतं. तो साहेबांच्या डोळ्यांत सरळ पाहत होता.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "वा! बघा, प्रशिक्षणाचा परिणाम. त्या शेजारच्या माणसाला एका बैलाला याच्या दुप्पट वेळ लागतो."

बाजार हसून फुटला. गुलाम नबी तर तोंडातले खिळे काढून जमिनीवर बसला. साहेबांना वाटलं लोकांना आनंद झाला. त्यांनी हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला.

"बैल खुश आहे ना?" त्यांनी उकंडरावला विचारलं.

"अर्धा खुश आहे, साहेब."

फोटो निघाला. तो पुढं पुस्तिकेत छापून आला. ढवळ्याचा पुढचा पाय रऊफनं हातात धरला आहे आणि खुराचा अर्धा भाग उघडा आहे. पुस्तिका पाच हजार छापल्या. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. आलं असतं तर ते माझ्याच टेबलावर आलं असतं.

जीप निघाली तेव्हा मी तीत चढलो नाही. काम आहे म्हणालो. गुलाम नबी हातात चार नाल घेऊन आला. "हट आता. बाकीचा अर्धा मी करतो. बिनदाखल्याचा."

"नाल दे," रऊफ म्हणाला. "हात माह्या चालते अजून."

"पैसे?"

"पुढल्या बाजारी नाल वापस करीन. नालाच्या बदल्यात नाल."

ढवळ्या अजून बांधलेलाच होता. रऊफनं उरलेले चार नाल मारले. सरवरी तोवर भाजी-किराण्याची थैली घेऊन आली होती. तिनं एक-एक खिळा त्याच्या हातात दिला. बैल उठला, चार पावलं चालला. उकंडरावनं खाली बसून चारी पाय पाहिले, आठही फाकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "जोडीदाराले पुढल्या बाजारी आणतो. तुह्या खुंट्यावर."

तो आला. त्याच्या मागं आणखी काही आले. हंगाम संपेपर्यंत साठांतल्या पंचवीस-एक जोड्या परतल्या. बाकीच्या गुलाम नबीकडेच राहिल्या, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. तो दर बाजारी हजर होता. त्या दाखल्यापायी रऊफनं निम्म्याहून जास्त घरं गमावली आणि निम्मं लोखंड मिळवलं. याहून सरळ हिशेब मला मांडता येत नाही.

पुढच्या वर्षी कोटा चालू ठेवण्याचा अर्ज आला. त्यात 'प्रति बैल नाल' असा रकाना होता. मी तो घेऊन साहेबांपुढं उभा राहिलो.

"साहेब, बैलाला आठ नाल लागतात."

त्यांनी मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी खुरं पाहिली आहेत. आमच्या घरी मेलेली ढोरं ओढत."

आयुष्यभर ज्या वाक्याची मी धास्ती घेतली होती, ते असं बोलून झालं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही नीट. "मागच्या वर्षी चार आहे ना? मग चारच ठेवा. आकडे बदलले की वरून विचारणा होते. आणि त्यांना सहीला पाठवा."

मी अर्ज घेऊन अनसिंगला आलो. रऊफ निंबाखाली दोर गुंडाळत होता. त्यानं रकाना वाचला.

"चारच?"

"चारच. मी सांगून पाहिलं."

"तू सांगितलं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग अर्ज घडी करून परत माझ्या हातात दिला. "सहीले कवा बलावलं?"

मी दिवस सांगितला.

"त्या दिवशी बाजार आहे," रऊफ म्हणाला, आणि उकंडरावच्या ढवळ्याला दोर टाकायला उठला.